ब्रेकसाहेबांचं लिव्हर परीक्षेला बसतं

ब्रेकसाहेब हे नाव त्यांना शहरानं दिलं होतं आणि शहराकडे त्याला सबळ कारण होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गाडीचा परवाना मागायला आलेल्या माणसांच्या शेजारी बसून काढली. परीक्षेच्या गाडीत परीक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो अडचणीच्या प्रसंगी वापरावा, असा नियम आहे. साहेबांच्या मते उमेदवार गाडीत बसला की अडचणीला सुरुवात झाली. समोरून मांजर गेलं, ब्रेक. उमेदवार जांभई देण्याच्या बेतात दिसला, ब्रेक. उमेदवार फारच चांगली चालवतोय, म्हणजे हा नक्की काहीतरी लपवतोय, ब्रेक. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं गाडी काढून घेतली, पण पाय साहेबांकडेच राहिला. टॅक्सीत, बसमध्ये, फार काय लिफ्टमध्येसुद्धा तो उजवा पाय आपला आपण दाबला जाई.

शहरातली निम्मी माणसं त्यांनी निदान एकदा तरी नापास केली होती. उरलेली निम्मी पायीच चालत. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी तीनदा नापास केलं. नात्यातला म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, यासाठी तिसऱ्यांदा जरा जास्तच. मेहुण्यानं तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्याचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं, ते चांगलं चालत होतं आणि तो दुकानात बसनं जात होता. जाता-येता बहिणीकडे डोकावत होता आणि भाऊजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देत होता. सूड घ्यायच्या पुष्कळ पद्धती असतात.

अशा माणसाच्या आतड्यात गाठ निघाली. ती कापून काढली. पण जाण्यापूर्वी तिनं लिव्हरमध्ये तीन पिल्लं घालून ठेवली होती. आता ती पिल्लं आकसावीत म्हणून साहेबांना दर काही दिवसांनी रुग्णालयात खुर्चीत बसवून शिरेतून औषध देत होते. औषध कडक होतं. गार काही हाताला लागलं की बोटांत झिणझिण्या येत. दाराची कडी, चमचा, तांब्या, सगळंच चावायला उठल्यासारखं वाटे. पिल्लं पुरेशी आकसली तर सर्जन ती काढणार होते. नाही आकसली तर काय, हे कुणी नीट सांगत नव्हतं, आणि साहेबही विचारत नव्हते.

प्रश्न एवढाच होता की औषध लागू पडतंय की नाही. गाठी लहान झालेल्या दिसायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात चुकीचं औषध घेत राहिलं, तर माणूस आकसायचा आणि गाठी जागच्या जागी. म्हणून एमआरआयमध्ये एक खास तपासणी होती, डिफ्यूजन नावाची. औषध सुरू करण्याआधी ती एकदा झाली होती. आता दोन फेऱ्यांनंतर पुन्हा व्हायची होती.

पहिल्या वेळी रेडिओलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. बाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधत असत.

"काका, गाठीत पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. मधल्या पाण्याला हलायलाच जागा नसते. औषध लागू पडलं की पेशी मरतात, भिंती पडतात, पाणी मोकळं फिरायला लागतं. गाठ बाहेरून तेवढीच दिसते, पण आतलं पाणी हललेलं आम्हाला आधी कळतं. त्याचा एक आकडा येतो. आकडा वाढला तर औषध काम करतंय."

"म्हणजे ट्रॅफिक सुटतो."

"हो! अगदी तसंच."

"आणि नाही सुटला तर?"

"तर औषध बदलायचं, पुन्हा पहिल्यापासून. उगाच न लागणारं औषध कशाला सोसायचं? सध्या तुमचा आकडा कमी आहे, ते चांगलंच आहे. दाट वस्तीच्या गाठींना औषध बऱ्याचदा नीट लागतं."

कमी मार्क चांगले, हे साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

मेहुण्याच्या कानावर हे सगळं त्याच संध्याकाळी गेलं. त्याचा चेहरा उजळला. इतके दिवस आजार त्याच्या हद्दीबाहेरचा होता. आता त्यात पाणी आलं होतं.

"भाऊजी, पाण्याचं मला सांगू नका. उभा जन्म पाण्यात गेला माझा."

"दिसतंच आहे."

"थट्टा नको. नळ उघडला आणि पाणी आलं नाही, तर आपण आधी काय बघतो? टाकी! टाकीतच नसेल तर नळाला काय येणार, वारा? तुमच्या गाठीतलं पाणी हलायला पाहिजे ना? मग वरून सोडायला नको? प्रेशर पाहिजे, प्रेशर!"

"माझं लिव्हर म्हणजे तुझी गच्चीवरची टाकी नव्हे."

"तत्त्व एकच आहे."

"अहो, तो म्हणतो त्यात काहीतरी असेलही," बायको म्हणाली. तिचा भावावर विश्वास नव्हता, पण पाण्यावर होता. "पाणी पिऊन कुणाचं वाईट झालंय?"

"माणसं बुडून मेलीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी ताठ बसून निकाल दिला. उमेदवारांचे सगळे प्रकार त्यांनी पाहिले होते. एकानं मामाची चिठ्ठी आणली होती, एकीनं अश्रू आणले होते, एकानं तर स्वतःच्या जागी जुळा भाऊ पाठवला होता. तो भाऊ नापास झाला तो झालाच, वर त्याच्याकडे आधीचा परवाना होता तोही धोक्यात आला. "परीक्षेत वशिला चालणार नाही. लिव्हरनं अभ्यास केला असेल तर पास होईल. नसेल केला तर नापास. संपलं."

असं ते म्हणाले खरं. पण दुपारी आडवं पडल्यावर त्यांचा तळहात आपोआप उजव्या बरगडीखाली जाऊन बसायचा. आत काही हलतंय का, हे ते बघत. काही हलत नसे. कधी गुरगुर ऐकू येई, ती आतड्याची असे, आणि आतड्याचा निकाल तर आधीच लागला होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी काही खायचं-प्यायचं नव्हतं. "घोटभर पाणी चालेल," असं रुग्णालयातून सांगितलं होतं. घोट या मापाबद्दल मात्र घरात एकमत नव्हतं. साहेब आंघोळीला गेले. आत बादलीशेजारी कोमट पाण्यानं भरलेला जग होता. त्यांनी जगाकडे पाहिलं, दाराची कडी नीट लागलीय ना ते पाहिलं आणि मेहुण्याचा एक शब्दही पटलेला नसताना तो जग उभ्या उभ्या रिकामा केला. तोंड पुसताना आरशात बघायचं त्यांनी टाळलं.

बाहेर आल्यावर बायकोनं रक्तदाबाची गोळी पुढे केली आणि तिच्याबरोबर दोन ग्लास. "गोळीपुरतंच हो," ती म्हणाली. गोळी मुगाएवढी होती. तिचं मन मोडू नये म्हणून साहेबांनी दोन्ही ग्लास संपवले. रुग्णालयाच्या फाटकाशी मेहुणा हजर होता. बायको नाव नोंदवायला खिडकीशी गेली, तेवढ्यात त्यानं पिशवीतून बाटली काढली.

"भाऊजी, नुसते ओठ ओले करा."

"मी सांगितलंय ना, वशिला नाही!"

"वशिला कुठाय, पाणी आहे. कोमट आहे, गार नाही."

वाद वाढला तर लोक बघतील, एवढ्यासाठी साहेबांनी ओठ ओले केले. बाटली परत गेली तेव्हा तिच्यात फक्त झाकणाचा वास उरला होता.

एमआरआयच्या खोलीत त्यांना पाठीला नाड्या असलेला झगा चढवला गेला. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्या हसल्या. ओळखीचं हसू बघून साहेब सावध झाले. या शहरात त्यांना ओळखून हसणारी माणसं फारशी नव्हती.

"सर, तुम्ही मला पार्किंगमध्ये नापास केलं होतं."

"मागे बघितलं नसेल तुम्ही."

"खांबाला घासली थोडी. असू दे. आता मी तुम्हाला पार्क करते." त्यांनी पोटावर पट्टा बांधला, त्यावर जाळीसारखं एक साधन ठेवलं, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले आणि हातात रबरी बल्ब दिला. "अगदीच सहन झालं नाही तर हा दाबा. श्वास सावकाश, सारखा घ्यायचा. पट्टा तुमचा श्वास बघतो आणि मशीन त्याप्रमाणे फोटो घेतं. हलायचं मात्र अजिबात नाही."

टेबल सरकलं आणि साहेब बोगद्यात गेले. बाईंनी त्यांना एका झटक्यात, कुठेही न घासता पार्क केलं. हे त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं.

मशीननं आधी सुताराचं काम केलं, मग लोहाराचं. तेवढं साहेबांनी निभावलं. मग डिफ्यूजनची पाळी आली आणि मशीन हॉर्नवर हात ठेवून बसलेल्या ट्रकवाल्यासारखं कोकलू लागलं. साहेबांचा उजवा पाय दाबला गेला. पाय दाबला की कंबर उचलली जाई, कंबर उचलली की पोट हले आणि पोट हललं की आतल्या पाण्याला आठवण होई. पाण्यानं आपली हालचाल केव्हाच सुरू केली होती, मात्र मेहुण्यानं सांगितलेल्या दिशेला नव्हे. साहेबांनी मांड्या आवळल्या, श्वास रोखला, मग रोखलेला श्वास एकदम सोडला. ट्रक पुन्हा कोकलला. ब्रेक.

"सर, श्वास सारखा ठेवा हं," कानात आवाज आला.

बल्ब हातात होता. पण बल्ब दाबायचा म्हणजे आपण होऊन गाडी बाजूला घेऊन उतरायचं. साहेबांनी तो बाजूला सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा उमेदवार होऊन परीक्षा दिली, घामानं डबडबून, दातओठ खात, शेवटपर्यंत.

टेबल बाहेर आलं. "झालं सर. मध्ये हलला नाहीत ना?"

"छे!" साहेब म्हणाले आणि चप्पल न घालताच ज्या दिशेला बाण होता तिकडे पळाले.

तिथं भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभं राहावं लागलं आणि त्या वेळात त्यांना तो 'छे' पुन्हा ऐकू आला. ओळखीचाच आवाज होता. पांढरी रेघ ओलांडली का? छे, साहेब. सिग्नल तोडलास का? छे हो. त्या शब्दावर त्यांनी किती माणसं परत पाठवली असतील, त्याची मोजदाद नव्हती.

ते बाहेर आले तेव्हा मेहुण्यानं कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. "फक्त एवढंच सांगा, वाढला की नाही. तोंडानं नको, मानेनं सांगा."

"अहो, मी अजून सगळं बघितलेलं नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांच्याही चेहऱ्यावर खुशी होती. "गाठींचे आकडे वरवर पाहिले. वाढलेले दिसतायत. चांगलेच. चहा घेऊन येते, मग नीट मोजून रिपोर्ट देते. तेच औषध पुढे चालू राहील असं वाटतंय."

"प्रेशर!" मेहुणा ओरडला. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं दचकून काठी पाडली. "भाऊजी, बोललो नव्हतो?"

बायकोनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि तिच्यात काय शोधायचं ते विसरली. मग म्हणाली, "मी आता घरी जाऊन पडदे धुणार." गाठ निघाल्यापासून त्या घरातली प्रत्येक गोष्ट पुढच्या महिन्यावर टाकली जात होती. तिच्या तोंडून 'आता' हा शब्द साहेबांनी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

आणि साहेब तिथं उभे होते, अनवाणी, झग्याच्या नाड्या मागे लोंबताहेत, हातात भरघोस मार्कांनी पास झालेलं लिव्हर. सगळे खूश होते. त्यांनी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. ते बाकावर बसले.

पण बसवेना. नापास व्हायला हवा होता असा माणूस पास झाला तर काय होतं, याच एका विषयावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. तो पेढे वाटतो, घरी जातो आणि एक दिवस चौकात कुणातरी भलत्याच माणसाच्या अंगावर गाडी घालतो. परीक्षकाला त्या भलत्या माणसाची काळजी वाहायची असते. इथं गंमत अशी होती की गाडी चालवणारे तेच होते, परीक्षाही त्यांचीच होती आणि चौकातून निर्धास्त चालत जाणारा भलता माणूसही तेच होते. औषध लागत नसेल आणि आकडा त्यांच्या पायानं वाढवला असेल, तर तेच न लागणारं औषध पुढचे कित्येक आठवडे शिरेतून जात राहणार, बोटं झिणझिणत राहणार आणि आत पिल्लं निवांत वाढणार.

आणि खरा आकडा वाढलेलाच नसेल तर? तर पडदे पुन्हा पुढच्या महिन्यावर.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आता पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत होती, आणि चष्मा स्वच्छच होता.

"आलोच," साहेब म्हणाले.

"कुठे? पुन्हा?" मेहुणा हसला. "वा! पाइपलाइन एकदम मोकळी!"

साहेबांनी डॉक्टरीणबाईंच्या दारावर टकटक केलं. बाईंनी चहाचा कप स्क्रीनपासून दूर ठेवला. साहेबांच्या मागोमाग काय झालं म्हणून बायको आली आणि बायकोच्या मागोमाग मेहुणा.

"बाई, मी हललो," साहेब म्हणाले.

"कधी?"

"सारखाच. ब्रेक मारत होतो."

बाईंनी शेजारी फोटो उघडून देत बसलेल्या तंत्रज्ञ बाईंकडे पाहिलं. तंत्रज्ञ बाईंनी मान डोलावली. "सर ब्रेक मारतात, हे खरंय. मी गाडीत अनुभवलंय. पण मी विचारलं तेव्हा 'छे' म्हणाले."

"म्हणालो. खोटं बोललो. आणि पाणीही प्यायलो होतो. जग भरून."

"अहो!" बायको म्हणाली. "कधी? मी तुम्हाला दोन ग्लास दिले होते!"

"तू दिलेस?" मेहुणा ओरडला. "मग माझी बाटली?"

"कसली बाटली?"

एका यकृतासाठी एका कुटुंबानं, एकमेकांना पत्ता लागू न देता, तीन ठिकाणांहून पाणीपुरवठा केला होता. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे थांबेनात. त्या क्षणी त्यांचंच डिफ्यूजन करायचं असतं, तर एकही फोटो नीट आला नसता.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "प्यायलेलं पाणी गाठीत जाऊन फिरायला लागत नाही हो. ते कुठे जातं ते तुम्हाला कळलंच आहे. पण हलण्याचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. मशीनला पाण्याची हालचाल मोजायची असते. माणूसच हलला तर मशीनला वाटतं, सगळं पाणीच हललं. थांबा, एक गोष्ट बघते." त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. मग त्यांनी स्क्रीनवर गाठींपासून दूर, लिव्हरच्या चांगल्या भागावर एक छोटं वर्तुळ काढलं. आकडा उमटला. बाईंनी ओठ चावला. "हे बघा. हे निरोगी लिव्हर. इथं औषधाला करण्यासारखं काही नाही, इथला आकडा होता तिथंच राहायला हवा. तोही वाढलाय. म्हणजे मघाशी मी खूश झाले ती निम्मी तुमच्या पायावर. मोजताना हे दिसलंच असतं, आणि मग तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं असतं."

"आणि उरलेली निम्मी?" बायकोनं विचारलं.

"ते पुन्हा फोटो घेतल्याशिवाय नाही सांगता यायचं."

खोलीतलं हसू कुणीतरी दार उघडून बाहेर सोडल्यासारखं गेलं. साहेब म्हणाले, "मग घ्या. आत्ताच घ्या. पण बाई, पायाचं काय करायचं? तो माझं ऐकत नाही."

पुढच्या रुग्णानंतर त्यांना पुन्हा घ्यायचं ठरलं. पायाचा प्रश्न मेहुण्यानं सोडवला. "मी धरतो," तो म्हणाला. "नातेवाइकाला आत उभं राहू देतात ना? धातू नको, एवढंच ना?"

एवढंच, असं म्हणणं सोपं होतं. तंत्रज्ञ बाईंनी ट्रे पुढे केला आणि मेहुणा खिसे रिकामे करू लागला. किल्ल्या निघाल्या. वायसर निघाले. मोजमापाची टेप निघाली, स्क्रू निघाले, पान्हा निघाला, ट्रे भरला, दुसरा आणला. शेवटी मागच्या खिशातून एक अख्खा पितळी नळ निघाला.

"हा कशाला?" बाईंनी विचारलं.

"वाटेत गिऱ्हाईक भेटलं तर दाखवायला."

तपासून, पुन्हा तपासून, पट्ट्याचं बकल, घड्याळ आणि बूट बाहेर ठेवून, कानांत बोळे घालून मेहुणा आत आला. साहेबांना टेबलावर झोपवलं, पट्टा बांधला. मेहुण्यानं पायथ्याशी उभं राहून त्यांचा उजवा पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी पकडला आणि तो अतिशय समाधानानं म्हणाला, "भाऊजी, आज ब्रेक माझ्याकडे."

"वळणावर लक्ष दे," साहेब म्हणाले आणि आत गेले.

या वेळी आत फक्त आवाज होता आणि ते होते. आधाराला पाणी नव्हतं, वशिला नव्हता, बहाणा नव्हता. ट्रक कोकलला. पाय दाबायला गेला. दोन हातांनी तो तितक्याच जोरानं मागे रेटला. पुन्हा कोकलला, पुन्हा तेच. पायाची आणि मेहुण्याची अशी बराच वेळ मूक झटापट चालली आणि शेवटी पाय दमला. तो निपचित पडला. तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटतेय. आतापर्यंत ती पायातून निघून जात होती. आता जायला वाट नव्हती, म्हणून ती छातीवर येऊन बसली. त्यांनी तिला बसू दिलं. श्वास आत, श्वास बाहेर, सारखा. आकडा काय यायचा तो येवो, पण तो आपला असू दे, एवढंच त्यांच्या मनात आलं. आणि मग लगेच, प्रामाणिकपणे, हेही आलं की वाढलेला असला तर फार बरं.

टेबल बाहेर आलं. "हललात?" तंत्रज्ञ बाईंनी विचारलं.

"याला विचारा."

"केसभरही नाही," मेहुणा म्हणाला. तो दुखरे हात झटकत होता. "काय पाय आहे हो हा! मला तीनदा नापास केलं त्याचं आता काही वाटत नाही. या पायापुढे कुणीही नापास होईल."

डॉक्टरीणबाईंनी या वेळी दार बंद करून घेतलं. तिघं बाकावर बसले. मेहुणा गप्प होता, हे त्या दिवसातलं सगळ्यात काळजीचं लक्षण होतं. बायकोनं साहेबांचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता, त्यांच्या बोटांत झिणझिण्या आल्या. त्यांनी हात काढून घेतला नाही.

दार उघडलं. "आत या. तिघंही या, नाहीतर तुम्ही पुन्हा वेगवेगळं काहीतरी कराल."

स्क्रीनवर लिव्हर करड्या रंगात पसरलं होतं. बाईंनी बोट ठेवलं. "आधी हे, चांगलं लिव्हर. होतं तिथंच आहे. म्हणजे फोटो खरा आहे." बोट सरकलं. "आता ही गाठ. आकडा वाढलाय. मघासारखा उड्या मारत नाही, पण मोजण्यातल्या चुकीमुळे जेवढा फरक पडू शकतो, त्याहून नक्की जास्त. ही दुसरी, हिचाही वाढलाय. तिसरीचा अगदी थोडा. ती अजून विचार करतेय."

"म्हणजे?" बायकोनं विचारलं. तिला आता 'दिसतंय', 'वाटतंय' नको होतं.

"म्हणजे औषध काम करतंय, काकू. तेच चालू ठेवायचं. औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलले मी आत्ता. पुढे सर्जन बघतीलच, पण आजचा दिवस चांगला आहे."

साहेबांनी स्क्रीनकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मघाचे मार्क जास्त होते."

"मघाचे तुमचे नव्हतेच," बायको म्हणाली आणि मग बऱ्याच महिन्यांचं राहून गेलेलं रडू तिला तिथंच, रेडिओलॉजीच्या खुर्चीवर आलं. मेहुण्यानं तिच्यासाठी पाणी आणायला धाव घेतली, दारापर्यंत गेला, थबकला आणि सगळ्यांकडे बघत परवानगी मागितल्यासारखा उभा राहिला.

"आण, आण," साहेब म्हणाले. "तिची तपासणी नाहीये."

औषधाची पुढची फेरी त्याच दुपारी होती. एरवी साहेब त्या खुर्चीत बसले की तोंड भिंतीकडे फिरवून डोळे मिटून घेत. सुई टोचली की "किती वेळ?" आणि संपली की "झालं?" एवढंच बोलत. आज नर्सनं पिशवी टांगली तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवायला सांगितली.

"कुठे फिरवू, काका?"

"त्या पिशवीसमोर."

नर्सनं खुर्ची फिरवली. साहेब पाय लांब करून, हात पोटावर ठेवून बसले. नळीतून एक एक थेंब उतरत होता, घाई नाही, गडबड नाही, ठरल्या वेगानं, आपल्या बाजूनं.

"अहो, काय बघताय एवढं?" बायकोनं विचारलं. तिचे डोळे सुजले होते आणि ती बिस्किटं खात होती.

"काम करतोय तो," साहेब म्हणाले. "बघू दे."